मायची अप्रेंटिसशिप

मोताळ्याला एका कृषी केंद्राच्या माडीवर मी इंग्रजीचा क्लास घेते. खाली खताच्या गोण्या आणि वर आम्ही. पावसाळ्यात युरियाचा वास फी न भरता वर्गात येऊन बसतो. माझ्याकडे येणारी मुलं आयटीआय झालेली, नर्सिंग करणारी, कुठेतरी चिकटू पाहणारी. त्यांना मुलाखतीत तोंड उघडेल एवढं इंग्रजी हवं असतं, आणि मीही तेवढंच देते.

पहिल्या आठवड्यातच मी फळ्यावर शब्द लिहिते: फ्रेशर, ट्रेनी, इंटर्न, प्रोबेशनर, अप्रेंटिस. आपण या सगळ्यांना 'नवा आहे, शिकून राहिला' म्हणून मोकळे होतो. इंग्रजांना मात्र शिकणाऱ्या माणसाच्याही जाती पाडल्याशिवाय चैन पडलेलं दिसत नाही. आणि जातीचं म्हणाल तर त्यातलं आम्हाला थोडंफार कळतं.

मी अर्थ पाठ करून घेत नाही. मी विचारते, हा शब्द तुमच्या डोक्यावरून उतरवणार कोण? फ्रेशरचा शब्द काम मिळाल्या दिवशी आपोआप गळतो. इंटर्नचा कॅलेंडर उतरवतं, ट्रेनीचा कोर्स, प्रोबेशनरचा ऑफिसातला कागद. अप्रेंटिसचं तेवढं अवघड. कागदावर त्याचीही परीक्षा असते, पण खरा शब्द उतरवतो तो उस्ताद. एक दिवस तो पाना तुमच्या हातात देतो आणि स्वतः चहा प्यायला निघून जातो. झालं. हे सांगितलं की वायरमनच्या ट्रेडची पोरं हमखास हसतात, म्हणजे त्यांना पटलेलं असतं.

धामणगाव बढ्याला घरी एकदा मी याच धड्याची तयारी करत होते आणि माय समोर बसून अंबाडीची भाजी निवडत होती. मी मोठ्यानं वाचते, तिला ते ऐकायची सवय आहे. मध्येच म्हणाली, "मंग यातली मी कोन वो?"

मी हसले. ती हसली नाही.

"तू अप्रेंटिस, माय."

"म्हंजे चेला?"

"हाव. उस्तादानं सुट्टी देली का झालं."

"मंग तो म्हातारा मले मरेपर्यंत चेलाच ठिवते," माय म्हणाली आणि भाजीची एक सडकी काडी जरा जास्तच जोरात फेकली.

म्हातारा म्हणजे आमच्या वस्तीतले गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि कित्येक वर्षांचे बौद्धाचार्य. आमच्याकडे लग्न, नामकरण, नव्या घरातला प्रवेश आणि माणूस गेल्यावरचा जलदान विधी हे सगळं बौद्धाचार्य करतात. हे काम जन्मानं मिळत नाही. शिबिराला बसावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि मग कुणाच्या तरी मागे उभं राहून शिकावं लागतं. माय अंगणवाडीत मदतनीस होती. जन्मभर दुसऱ्यांची पोरं आणून बसवली, त्यांचे नाक-हात पुसले, खिचडी वाढली. रिटायर झाल्यावर बायका देवळाच्या, विहाराच्या पायरीवर बसून सुनांची उणीदुणी काढतात. मायला सून नव्हती, म्हणून असेल कदाचित, तिनं हे काढलं.

खरं कारण वेगळं होतं. बाबा गेले तेव्हा गुरुजी आजारी होते. बाहेरगावाहून एक जण आले. त्यांना पुढे संग्रामपूरला कार्यक्रम होता. चपला दारात न काढता जणू उंबऱ्यावरूनच त्यांनी सगळा विधी एका दमात उरकला. वर्षानं एकदा माय चहा गाळता गाळता म्हणाली, "ष्टँडावर गाड्या पुकारतेत तसं पुकारलं त्यानं तुह्या बापाले." नंतर शिबिराचा फॉर्म मीच भरून दिला.

शिबिरात ती श्रामणेरी, म्हणजे काही दिवसांपुरती शिकाऊ भिक्खुणी, झाली. चीवर नेसली, डोक्यावरचे केस उतरवले. परत येताना एसटीत कंडक्टरनं विचारलं, "तिरुपतीहून का, आजी?" माय म्हणाली, "नाई बाप्पा, शाळेतून." डिक्शनरीत अशांसाठी नोव्हिस असा आणखी एक शब्द आहे. तो मी तिला सांगितला होता. तिला तो आवडला नाही. म्हणे औषधाच्या गोळीसारखा वाटतो.

परीक्षाही ती पास झाली. पण परीक्षेनं काय होतं? आमच्याकडे गुरुजींची पद्धत होती. नव्या माणसाला आधी जलदान, मग नामकरण, मग गृहप्रवेश आणि लग्न सगळ्यांत शेवटी. ते म्हणायचे, "मौतीत कोनी चूक काढत नाई, बाई. लग्नात आत्या येते तेच मुळी चूक काढाले." बोलणं काही खोटं नव्हतं. पण जलदानाच्या पुढची पायरी मायच्या वाट्याला येईना. नामकरण आलं की गुरुजींचे दुखरे गुडघे अचानक बरे व्हायचे. लग्नाला तर ते खुर्ची घेऊन जात आणि खुर्चीत बसून लावत. मान कुणाला सुटतो!

म्हणून माय जलदानंच करत राहिली. आणि ती फार चांगली करायची, हे मी मुलगी आहे म्हणून सांगत नाही. आधी घरातल्यांना पुढे बसवायची. गेलेल्या माणसाबद्दल एकेकाला काहीतरी विचारायची, त्याला काय आवडायचं, तो कशावर चिडायचा. मग वंदना, त्रिसरण, पंचशील. आवाज खालच्या पट्टीतला, घाई अजिबात नाही. सगळं झालं की हात जोडून, डोळे मिटून म्हणायची, "आता सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू." बरीचशी माणसं तेव्हाच पहिल्यांदा रडायची, इतका वेळ नुसती पाहुण्यांच्या चहापाण्यात अडकलेली असायची.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. माय पांढरी साडी नेसून गल्लीत शिरली की ओट्यावरच्या बायका उठून उभ्या. "कोन गेलं वो?" एकदा ती नुसती वांगी आणायला निघाली होती, तर दोन घरांत चूल थांबली. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ती मुद्दाम हिरवी, गुलाबी, मिळेल ती रंगीत साडी नेसू लागली.

लग्नाची तालीम मात्र घरात रोज चालायची. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज नवरदेव आणि लोखंडी कपाट नवरी. माय मध्ये उभी राहून दोघांकडून प्रतिज्ञा म्हणवून घ्यायची. बायकोचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, घरातले अधिकार तिच्या हाती देईन. फ्रिज मध्येच घुर्र करायचा, ते ती होकार धरायची. मी तिला चिडवायचे की या दोघांना आता नातवंडं झाली असतील. ती म्हणायची, "हास तू. एक लग्न लागू दे माह्या हातानं. एकच. मंग मले कोनी चेला म्हनू नाई." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही गंमत नाही. सगळ्या आयुष्यात ती मदतनीसच राहिली होती. पगारपत्रकावर तेच, लोकांच्या तोंडी तेच. तिला एकदा पूर्ण व्हायचं होतं.

शेवटी गुरुजींच्या गुडघ्यांनीच तिची बाजू घेतली. डॉक्टरांनी त्यांना उठबस बंद सांगितली. गुरुजी म्हणाले, "बाई, एक लग्न सरळ पार पाडा. मी समोर बसतो. नीट झालं तर पुढची सगळी तुमची."

आणि लग्न चालून आलं ते माझ्याच क्लासमधून. नर्सिंगची एक मुलगी होती, हॉस्पिटलात इंटर्न. आमच्याच गावची. तिचे वडील पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचे, आधल्या वर्षी अचानक गेले होते, आणि त्यांचं जलदान मायनं केलं होतं. मुलीचं लग्न धाड गावच्या मुलाशी ठरलं. तो वीज कंपनीत ट्रेनी. ती मला वर्गाबाहेर गाठून म्हणाली, "मॅडम, लग्न आजीच लावतीन. माह्या बाबाले त्यायनंच निरोप देला, मलेबी त्यायनंच देवाव." एक इंटर्न, एक ट्रेनी आणि लावणारी अप्रेंटिस. त्या मांडवात कायम असं कुणीच असणार नव्हतं. मी हे घरी सांगितलं तेव्हा माय इतकी हसली की तिला ठसका लागला.

दोन दिवसांनी संध्याकाळी मुलीची आई आमच्याकडे आली. ओट्यावरच बसली, आत येईना. पाणी घेतलं, चहाला नाही म्हणाली. मग म्हणाली, "मावशी, राग नका मानू. लग्नाले तुमी नका येऊ."

मला चिडायला वेळ लागत नाही. विधवा बाई लग्न लावते म्हणून हिला नको आहे, असं मी धरून चालले, आणि शुभ-अशुभ सोडल्याच्या प्रतिज्ञा ज्यांनी घेतल्या त्यांनीच असं वागावं का, यावर माझं भाषण जिभेवर तयार होतं. पण ती बाई खाली पाहत म्हणाली, "तुमचं काई चुकलं नाई. त्या दिशी तुमी नसत्या तर मी उभी नसती राह्यली. पन तुमचा आवाज आयकला का मले तोच दिस दिसते. पोरीच्या लग्नात मले तो दिस नको."

भाषण जिभेवरच राहिलं. माय तिच्या शेजारी जाऊन बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला. "खरं हाय तुहं," म्हणाली. "मी नाई येत." दुसऱ्या दिवशी स्वतःच गुरुजींना सांगून आली की हे लग्न तुम्हीच लावा. त्यानंतर बरेच दिवस फ्रिज आणि कपाट बिनलग्नाचे राहिले. माय त्यांच्यातून भाजी काढायची, पीठ काढायची, पण एक शब्द बोलायची नाही. मला फार वाईट वाटायचं. तिच्यावर कुणी अन्याय केला असता तर भांडता तरी आलं असतं.

मुलीनं घरी काय रान उठवलं मला माहीत नाही. हळदीच्या आधी निरोप आला, लग्न मावशींनीच लावावं, पण दोन अटी. लवकर उरकायचं. आणि गेलेल्या माणसाचं नाव कुणी काढायचं नाही, नुसतं सरळ लग्न लावायचं. मायनं दोन्ही कबूल केल्या. लवकर उरकायचं म्हटल्यावर तिच्या कपाळावर आठी पडली ती मी पाहिली, पण ती हो म्हणाली.

लग्नाच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव होता. माय विधीची पांढरी साडी नेसून, गुडघ्याला बाम चोळून तयार. धाडचे पाहुणे जीपा भरभरून आले. गुरुजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, हातात काठी, तपासनीस शाळेत यावा तसे. मुलीची आई त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत. नवी साडी, पण चेहरा असा की कुणी पाणी विचारलं तरी दचकायची. तिच्याशी जो तो वऱ्हाडाचं, जेवणाचं, उन्हाचं बोलत होता.

आणि लग्न इतकं छान लागत गेलं की मला खरं वाटेना. मायचा आवाज स्वच्छ होता, थोडा वरचा. वंदना झाली, त्रिसरण, पंचशील झालं, सगळा मांडव मागून म्हणत होता. घरातले अधिकार बायकोच्या हाती देईन, असं नवरदेव म्हणाला तेव्हा त्याचा आवाज फाटला आणि मित्रांनी शिट्ट्या मारल्या. मायनं त्यांच्याकडे अंगणवाडीतल्या नजरेनं पाहिलं, शिट्ट्या बंद. हार पडले, गाथा झाल्या, फुलं पडली. गुरुजींची मान हलत होती, होकाराची. डीजेवाल्याचा हात बटणावर होता. मी सुटकेचा श्वास टाकून फोटोसाठी फोन काढला.

माय हात जोडून उभी होती. तिनं डोळे मिटले. आणि त्याच खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "आता सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून..."

तिथे ती थांबली. डोळे उघडले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

पण आमच्या माणसांना सभेची शिस्त असते. माइकवरून उभं राहा म्हटलं की उभं राहतात, कशाला ते नंतर विचारतात. खुर्च्या सरकल्या, सगळा मांडव उभा राहिला. डीजेवाल्यानं हात मागे घेतला. धाडच्या बाजूनं कुणीतरी "हे काय बे?" म्हणालं, त्याला शेजारच्यानं गप्प केलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. नवरीनं मान खाली घातली, हात जोडले. तिच्याकडे पाहून नवरदेवानंही जोडले. अख्ख्या मांडवात एकटी तिची आई खुर्चीत बसून होती आणि मायकडे टक लावून पाहत होती.

ही बाई आता ओरडेल, असंच मला वाटलं, आणि ओरडली असती तर तिचं चुकलं नसतं. चुकलं, बसा, एवढं तरी मायनं म्हणावं म्हणून मी तिला खुणा करत होते. तिला माझ्या खुणा दिसत नव्हत्या. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं आणि मागे आचाऱ्याच्या कढईत पुऱ्या पडत होत्या, तेवढाच आवाज.

मग ती बाई खुर्चीच्या पाठीला धरून हळूच उठली. पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. हे संपवायचं कुणी तेच कुणाला कळेना, कारण संपवणारी माय होती आणि मायच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी त्या बाईनंच पदर बाजूला केला आणि वंदना संपताना म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाली, "साधू." मागून सगळ्यांनी म्हटलं, साधू, साधू. डीजे सुरू झाला आणि लग्न पुन्हा लग्नासारखं झालं.

स्टेजमागे गुरुजी काठी टेकत आले. "बाई, हे लगन व्हतं."

"हाव, गुरुजी. चुकलं."

"चुकलंच." एवढंच म्हणून ते एका खुर्चीत टेकले.

मायनं पिशवी उचलली. मला म्हणाली, "चाल घरी. आता काई भेटत नाई मले." तिला तसं पाहणं मला सहन होईना. मी गुरुजींकडे वळले. "गुरुजी, इतकी वर्षं तुमी तिले मौतीशिवाय काई देलं नाई. मंग तोंडात दुसरं काय बसन?" गुरुजींना असं कुणी बोलत नाही. त्यांनी काठीची मूठ नुसती फिरवली.

तेवढ्यात मुलीची आई ताट घेऊन आली. पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. मायला हाताला धरून सतरंजीवर बसवलं, ताट पुढे ठेवलं आणि स्वतः समोर बसली. डोळे सुजलेले होते. माय म्हणाली, "पोरी, तू नाव काढू नका म्हनलं होतं. माह्याकून..."

"मीच म्हनलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यायलेच म्हनलं होतं. अन् सगळ्यायनं आयकलं, मावशी. हळद लागली, पाव्हने आले, माळा पडल्या. कोनं त्यायचं नाव काढलं नाई. मी बसल्या बसल्या पाहून राह्यली अन् मले वाटे, असा मानूस या घरात व्हताच नाई का काय?" तिनं डोळे पुसले. "तुमी सगळ्यायले उभं केलं, तवा ते आल्यासारखे वाटले लग्नाले. जेवा आता."

मायनं पुरीचा तुकडा मोडला. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरलंही नाही.

गुरुजी खुर्चीतून हे सगळं ऐकत होते. काठी फिरवायची थांबवून ते खाकरले. "बाई, येत्या रविवारी धाडमंदी एक लगन हाय. माह्याच्यानं होत नाई. तुमीच लावा." मग म्हणाले, "अन् ते दोन मिनिटं... आधी घरच्यायले विचारून घेजा, कोन येऊ नाई शकलं म्हून."